लेकीनं थिऑलॉजी शिकावी का?

दिंद्रुडच्या एका ख्रिस्ती घरातल्या मुलीनं मराठीत एम. ए. केलं. आता तिला पुण्याला, नगर रस्त्यावरच्या ज्ञानदीप विद्यापीठात जाऊन ईशज्ञानाचं, म्हणजे थिऑलॉजीचं उच्च शिक्षण घ्यायचं आहे. वडिलांच्या आयुष्यातले बरेच हंगाम ऊसतोडीत गेले. लेकीचा हट्ट त्यांना मोडवत नाही आणि पटतही नाही. त्यांनी निर्णय गुरुजींवर सोडला. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, माळकरी, हरिपाठ न चुकवणारे. मुलगी माझी विद्यार्थिनी आणि मी गुरुजींचा, त्यामुळे मलाही बोलावणं आलं. आमचं बोलणं बराच वेळ चाललं आणि काही ठिकाणी चांगलंच तापलं. ते जवळपास जसंच्या तसं देतो आहे.

गुरुजी : आधी सरळ विचारतो. ती डिग्री नोकरीला चालते का?

मी : ज्ञानदीपच्या पदव्या रोमच्या अधिकारानं दिल्या जातात, गुरुजी. जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांत त्यांना मान आहे. आपल्याकडच्या सरकारी भरतीत मात्र त्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. हे मी तिलाही स्पष्ट सांगितलंय.

गुरुजी : आणि वर्षं किती?

मी : चर्चची सर्वसाधारण रीत अशी, की आधी दोन वर्षं तत्त्वज्ञान, मग तीन वर्षं ईशज्ञान. ही झाली पहिली पदवी. त्यापुढं दोन वर्षांची लायसेन्शिएट, म्हणजे आपल्या एम. ए.च्या पुढची समजा. मग डॉक्टरेट.

गुरुजी : सात वर्षं! आणि सात वर्षांनी ती फादर होणार का? नाही. त्यांच्या चर्चमध्ये बाईला वेदीवर उभं करत नाहीत, एवढं मलाही माहीत आहे. बघ, या घराचं आधीच काय झालंय. आज्याच्या काळात घर ख्रिस्ती झालं. १९५०च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं १९५६ला शिखांना मिळाल्या, १९९०ला बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती झालेला तसाच बाहेर राहिला. सवलत नाही, रान नाही. एक पोरगी शिकली, तर ती सात वर्षं असं शिक्षण घ्यायला जायलीय ज्याचा पगारच नाही. बापाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की पाठव म्हणून?

हा प्रश्न मला टाळायचा नव्हता. बीड जिल्ह्यात शिक्षणाचा हिशेब असाच होतो आणि तसाच व्हायला हवा. ज्याच्या घराला दिवाळीनंतर ऊसतोडीपायी कुलूप लागतं, त्याला विद्येसाठी विद्या हे सांगायला जाणाऱ्यानं आधी स्वतःच्या खात्यातला पगार आठवावा. पण गुरुजींच्या हिशेबातली एक रक्कम मला खटकत होती.

मी : गुरुजी, आपल्या भागातली पोरं आळंदीला जातात. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार-चार वर्षं राहतात. ज्ञानेश्वरी, गाथा, गीता पाठ करतात, पखवाज-गायन शिकतात. सेट-नेटला चालतं का, हे त्यांना कुणी विचारतं का?

गुरुजी : कीर्तनकाराला सप्त्यात बोलावणं असतं. गाव त्याची वाट बघतं. आळंदीहून आलेलं पोरगं उभं राहिलं की म्हातारी माणसं त्याच्या पाया पडतात. हिला कोण बोलावणार? दिंद्रुडात ख्रिस्ती घरं किती? तुझ्या त्या वसईला गावंच्या गावं आहेत, तिथं चालत असेल.

मी : २०२०च्या जानेवारीत धाराशिवला फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वसईचेच. आजारी होते, तरी आले. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धर्मगुरू कशाला म्हणून. पण मांडवात मराठवाड्याचीच माणसं होती ना? या माणसानं रोममध्ये धर्माचं शिक्षण घेतलं, ‘सुवार्ता’ मासिक दोन तपं चालवलं, सबंध बायबल सुबोध मराठीत आणलं आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. ईशज्ञान शिकलेल्या माणसाला मराठीनं अध्यक्षपद दिलं, ते वसईच्या मतांवर दिलं नाही.

गुरुजी : दिब्रिटो एक. बाकीचे?

मी : शेजारच्या नगर जिल्ह्यात चला. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरहून निघालं. ‘निरोप्या’ १९०३ साली केंदळसारख्या खेड्यातून निघालं. नारायण वामन टिळक नगरलाच राहिले, तिथल्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्थेत त्यांनी शिकवलं आणि अभंग लिहिले. ते प्रॉटेस्टंट, पण वाट तीच. त्याच्याही मागं जा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ला ते राशोलच्या सेमिनरीत छापलं. दासोपंत गेले १६१५ला. म्हणजे आपल्या अंबाजोगाईत दासोपंत ओव्या लिहीत होते, त्याच काळात तिकडे स्टीफन्स ओव्याच लिहीत होता.

दासोपंतांचं नाव निघालं आणि गुरुजी सरसावून बसले. अंबाजोगाईची पासोडी त्यांनी पाहिलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिलं. देह कशाचा बनला, पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळली, आत्मा त्यात कुठं, हे सगळं तक्ते आणि ओव्या मांडून. मला ती पासोडी हा मराठीतला ईशज्ञानाचा सर्वांत मोठा पाठ वाटतो, अगदी आकारानंसुद्धा. भक्तानं पूजा केली तेवढ्यावर तो थांबला नाही. त्यानं देवाबद्दल, जगाबद्दल रीतसर विचार केला, त्याचे विभाग पाडले, पूर्वीच्यांशी वाद घातला आणि लोकांच्या भाषेत लिहिलं. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ही परंपरेनं अंबाजोगाईचाच, शके १११०चा, म्हणजे ११८८चा. ज्या जिल्ह्यानं मराठीला हे ग्रंथ दिले, त्या जिल्ह्यानं धर्माच्या अभ्यासाला बिनकामाचा म्हणावं, हे मला सहन होत नाही. मी तसं बोललोही.

गुरुजी : ग्रंथ दिले हे खरं. पण तू जनाबाईला विसरलास. गंगाखेड काय लांब आहे? जनाबाईनं कोणती पदवी घेतली? मुक्ताबाईनं कोणत्या विद्यापीठात नाव घातलं? दळता-कांडता देव भेटला त्यांना. तिकडं सात वर्षं हिब्रू शिकून तो भेटेल, हे कशावरून?

मी : भेटेलच असं नाही. ईशज्ञानाचा वर्ग देव भेटवून देत नाही. तिथं माणूस स्वतःच्या श्रद्धेची कागदपत्रं तपासायला शिकतो. हा ग्रंथ कुणी लिहिला, कोणत्या काळात, कुणासाठी, त्याचे अर्थ कुणी कुणी लावले, त्यातला कुठला अर्थ माणसाला छळणारा निघाला. जनाबाईचा अभंग आज तुमच्यापर्यंत पोचला तोही कुणीतरी वह्या सांभाळल्या, पाठ तपासले, गाथा छापली म्हणून. आणि कॅथलिक चर्चनं तरी बाईला हे दार सहज उघडलं नाही, गुरुजी. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५ची. त्यानंतर बायकांना हे शिक्षण मोठ्या संख्येनं घेता यायला लागलं. चर्चचे आचार्य ही पदवी पहिल्यांदा एका बाईला, अविलाच्या तेरेसाला मिळाली ती १९७० साली, तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली केली, धर्मशिक्षकाचं पदही अधिकृत केलं. वेदीवर पुरोहित म्हणून ती उभी राहणार नाही. पण उद्याच्या पुरोहितांना शिकवायला उभी राहू शकते. पुण्यात आज सिस्टर आणि संसारी माणसंही त्या वर्गात बसतात.

गुरुजी : बरं. आता मनातलं सांगतो. धर्म शिकायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट शिकून येतो, की आपला तेवढा खरा. ती आज माझ्या घरी हरिपाठ ऐकत बसते. उद्या परत आली आणि मलाच उद्धाराचं सांगायला लागली तर?

हे बोलताना गुरुजींच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. गावात कोण काय म्हणेल, याचीही ती होती. मी त्यांना पुण्याच्या चार जेझुइटांची हकीकत सांगितली. रिचर्ड द स्मेट बेल्जियमचे. त्यांनी शंकराचार्यांच्या पद्धतीवर रोममध्ये प्रबंध लिहिला आणि पुण्यात येऊन आयुष्यभर ख्रिस्ती विद्यार्थ्यांना शंकराचार्य शिकवले. योसेफ नॉयनर ऑस्ट्रियाचे, पुण्यात संस्कृत शिकले. इतर धर्मांकडे आदरानं पाहणारा जो दस्तऐवज दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं काढला, त्याच्या घडणीत त्यांचा हात होता. २००९मध्ये वयाच्या १०१व्या वर्षी ते पुण्यातच वारले. मॅथ्यू लेडर्ले जर्मन. पुण्यात ‘स्नेहसदन’ उभं केलं आणि आधुनिक महाराष्ट्राच्या तत्त्वविचारावर ग्रंथ लिहिला. आणि गी द्लरी फ्रेंच. त्यांनी तुकोबांचे अभंग १९५६ साली फ्रेंचमध्ये नेले, पालखीबरोबर वारी चालले आणि विठोबाच्या संप्रदायावरचा त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजनं १९६० साली छापला.

गुरुजी : वारी चालला? पायी?

मी : पायी, दिंडीबरोबर.

गुरुजी : (थोडं थांबून) माणूस चांगला म्हणायचा. पण बघ, तू आत्ता जेवढी नावं घेतलीस, ते सगळे बाहेरून आलेले, सगळे बाप्ये आणि सगळ्यांनी लिहिलं ते इंग्रजीत, नाहीतर फ्रेंचमध्ये, नाहीतर जर्मनमध्ये. शंकराचार्य त्यांना कळले. फडातली बाई कळली का? या पोरीची माय ज्या फडात कोयता घेऊन उभी राहिली, तिथपर्यंत तुझं ईशज्ञान आलं का कधी?

या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं आणि आजही नाही. ज्ञानदीपची शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे. देशभरातून विद्यार्थी येतात म्हणून ते समजण्यासारखं आहे, पण त्यामुळे मराठी मुलखात असूनही त्या आवारातलं फार थोडं मराठीत येतं. तरीही फडाशी त्या संस्थेचं एक नातं आहे, आणि ते मुळातच आहे.

मी : गुरुजी, ज्ञानदीप ज्या पेपल सेमिनरीतून वाढलं, ती पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली श्रीलंकेत कँडीला काढली. १९५५ला ती पुण्यात आली. याच लिओंनी त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९१ला, कामगारांच्या प्रश्नावर एक परिपत्रक काढलं होतं, ‘रेरुम नोव्हारुम’. आत्ताचे पोप २०२५च्या मे महिन्यात निवडून आले, त्यांनी चौदावे लिओ हे नाव घेतलं ते त्याच परिपत्रकाची आठवण ठेवून. त्यात एक मुद्दा आहे, तो तुम्ही ऐकाच. मजूर आणि मालक दोघांनी राजीखुशीनं करार केला, एवढ्यानं मजुरी न्याय्य ठरत नाही. पोटाच्या धास्तीनं माणूस कमी मजुरीला तयार झाला असेल, तर ती राजीखुशी नसते, ती जबरदस्ती असते.

गुरुजी : ही तर उचल झाली.

मी : उचलच. दसऱ्याच्या आधी मुकादम घरी येतो, नवरा-बायकोचा एक कोयता धरतो, हातात आगाऊ पैशांची उचल ठेवतो. अंगठा उठतो. मग टनाला ठरेल तो भाव, आणि जो दिवस भरणार नाही त्याचा खाडा, म्हणजे दंड.

मुलगी तोवर उंबऱ्यापाशी बसून ऐकत होती. खाडा हा शब्द आल्यावर ती पहिल्यांदा बोलली. तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत देतो.

“गुरुजी, मला याच्यावरच लिहायचंय. दहा आज्ञा बायबलात दोनदा आल्यात. एकदा निर्गमच्या विसाव्या अध्यायात, एकदा अनुवादाच्या पाचव्यात. विसाव्याचा दिवस पाळा, ही आज्ञा दोन्हीकडं आहे. पण कारण वेगळं दिलंय. एकीकडं म्हटलंय, देवानं सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. दुसरीकडं म्हटलंय, तुम्ही मिसरात गुलाम होतात त्याची आठवण ठेवा म्हणून. आणि त्यात नुसता मालक नाही, दास, दासी, बैल, गाढव, सगळ्यांना विसावा. आमच्या आईला चार महिन्यांत विसावा म्हणजे खाडा होता. दुखण्याचा दिवस असला तरी खाडा. हे दोन अध्याय कुणी, कधी, कशासाठी लिहिले ते मला मुळातून वाचायचंय. फादर जे सांगतात ते ऐकून भागत नाही.”

गुरुजी : बैलालासुद्धा? आपण पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. वर्षातून एक दिवस. हे दर आठवड्याला म्हणायलेत?

“दर आठवड्याला, गुरुजी.”

मग बोलणं ज्या विषयावर गेलं, त्यावर आमच्याकडे पुरुषमंडळी सहसा बोलत नाहीत. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९मध्ये राज्यभर गाजलं. सरकारी समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कारणं एकाहून अधिक आहेत. लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं आहेत, फडावर पाण्याची नि आडोशाची सोय नसणं आहे, पैशासाठी भीती घालणारे डॉक्टर आहेत. पण त्या कारणांत खाडाही आहे. पाळीचे दिवस मोडले की खाडा पडतो, मग पिशवीच नको, असा हिशेब बायकांच्या तोंडून कितीदा ऐकायला मिळालेला आहे. गुरुजींनी त्यातली काही घरं पाहिली आहेत. ते बराच वेळ गप्प होते. मग पुन्हा भिडले, आणि मला ते आवडलं.

गुरुजी : हे सगळं खरं धरलं, तरी त्यासाठी हिब्रू कशाला? मजुरांच्या संघटनेत जा म्हणावं. कायदा शिक म्हणावं. वकील झाली तर चार मुकादमांना कोर्टात तरी खेचेल.

मी : कायदा शिकणाऱ्याही हव्यातच. पण गुरुजी, फडावरच्या बाईला कुणी सांगितलं, की हे भोग आहेत? धर्माच्याच नावानं सांगितलं ना? तुमच्या-माझ्या घरातल्यांना कर्म म्हणून सांगितलं, हिच्या घरातल्यांना क्रूस आहे, सोसा म्हणून सांगितलं. ते खोडायचं असेल तर धर्म आतून माहीत असणारं कुणीतरी लागतं. बंगळुरात १९८१ साली अरविंद निर्मळ यांनी एका भाषणात हाच सवाल टाकला, की भारतातलं ईशज्ञान उच्चवर्णीय वेदान्ताशी बोलत बसलं, पण चर्चमधली बहुसंख्य माणसं दलित आहेत, त्यांच्या दुःखातून देवाचा विचार कोण करणार? त्यातून दलित ईशज्ञान उभं राहिलं. तुम्ही आत्ता फडातल्या बाईबद्दल मला विचारलंत, तोच सवाल होता तो. चर्चच्या आतही जात आहे, हे या पोरीला माहीत आहे. ती डोळे मिटून चाललेली नाही.

गुरुजी : माझं अजून पूर्ण पटलेलं नाही. अनुभवाआधी शास्त्र, हे मला उलटं वाटतं. पण हिच्याजवळ अनुभव आधीच आहे, हेही खरं. (मुलीकडे वळून) बाळ, दोन गोष्टी कर. आधी सेटची परीक्षा दे. पास होऊन मग जा, म्हणजे परत आल्यावर कुणाच्या दारात उभं राहायची वेळ येणार नाही. आणि तिकडं जे लिहिशील ते मराठीत लिही. माझ्यासारख्याला वाचता आलं पाहिजे.

मी : सेटची अट मला मान्य नाही, गुरुजी. दोन वर्षं त्यातच जातील आणि मग लग्नाचा विषय निघेल, आणि जाणं राहूनच जाईल. तुम्हालाही हे ठाऊक आहे.

गुरुजी : ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्यासमोर बोलायलो. लग्नाचा विषय निघू नये, हे बघायची जबाबदारी माझी. बापाशी मी बोलतो.

यावर मी गप्प बसलो, कारण गुरुजींनी दिलेला शब्द या गावात मोडत नाही. तरी माझं मत कायम आहे. तिनं याच वर्षी जावं. घराची अडचण खरी आहे, आणि ती या मुलीनं एकटीनं सोसावी अशी नाही. आपला जिल्हा ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, तो १९७७पासून मराठवाड्यात आहे. ऊसतोड घरातली मुलगी ईशज्ञान शिकायला निघते, तेव्हा तिच्या खर्चाचा भार त्यानं उचलावा. ज्ञानदीपनं मराठी विद्यार्थ्यांना मराठीत लिहायला वाव आणि मार्गदर्शक द्यावा. आणि आम्ही मराठीचे प्राध्यापक? बीड, परभणी, जालन्याच्या महाविद्यालयांत आम्ही ‘विवेकसिंधु’ शिकवतो, दासोपंतांचं नाव घेतो, पण ‘ख्रिस्तपुराण’ परीक्षेच्या टिपेपुरतं उरतं. नेल्सन फाल्काव यांनी केलेली त्याची देवनागरी आवृत्ती गद्य मराठी अर्थासह उपलब्ध आहे. दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ही मिळतं. हे दोन ग्रंथ आपापल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत का, एवढं प्रत्येकानं या आठवड्यात बघावं, आणि नसतील तर मागणीपत्रावर सही करावी.